मदत हवी आहे: कांडाळीत समुद्रसाप येतायत, सोडवायचे कसे आणि चावला तर काय करायचं?

कांडाळवाला
नमस्कार मंडळी. छोटी फायबरची होडी, आउटबोर्ड इंजिन, माणसं चार. तंगुसाची (नायलॉनच्या धाग्याची) कांडाळ, म्हणजे मासे अडकवायचं उभं जाळं, संध्याकाळी टाकतो, पहाटे ओढतो. जागा मालवणजवळ देवबागच्या पुढे, कर्ली नदीच्या मुखापासून निवतीच्या बाजूला, पाच ते आठ वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी. पाऊस सरल्यापासून जवळजवळ प्रत्येक ओढीला एखाद-दुसरा समुद्रसाप असतोच. बहुतेक मानेशी अडकलेले, काही जिवंत, काही निपचित. दोन खलाशी नवीन आहेत. अंधारात अनवाणी उभे राहून हाताने मासळी काढतात, त्यामुळे जिवाला घोर लागलाय. जाळं जास्त न फाडता आणि साप न मारता त्याला सोडवायचं कसं? चावलाच तर होडीवर काय करायचं, आणि किनाऱ्याला आल्यावर कुठे न्यायचं? शक्यतो करून बघितलेली पद्धत सांगा.

दर्यावयलो
शेपटेक धरून भिरकावून देवचो, झाला. समुद्रातलो साप कोणाक चावणा नाय. उगाच कित्याक बाऊ करतास?

खाडीकाठ
दर्यावयल्यानू, तो पाण्यात मोकळा असताना सहसा चावत नाही हे खरं. जाळ्यात आवळलेला साप मात्र वेगळा. गळ्याशी तंगूस रुतलेलं असतं, वरून माणसाचा हात येतो, मग तोंड फिरवणारच. शेपटीला धरून उलटा लटकवला की काही जाती अर्धं अंग वर वळवून हाताला पोचतात. शिवाय झटक्याने त्याच्या मणक्याला इजा होते आणि पाण्यात पडूनही तो मरतो.

कांडाळवाले, तुमच्या जागेवर दोन जाती येत असणार. मुखाजवळच्या उथळ, गढूळ पाण्यात चोचवाला जास्त: वरच्या जबड्याचं टोक खालच्यावर बाकदार वळलेलं, अंग राखाडी, पट्टे फिकट. त्याचं खाणं मुख्यतः शिंगाळा आणि केंड हे मासे, म्हणून जाळ्यात ही दोन्ही भरपूर दिसली की सावध. जरा खोल पाण्यात आखूड, जाड, मोठ्या डोक्याचा, पिवळट पोटाचा आणि अंगावर रुंद गडद पट्टे असलेला साप येतो. दोन्ही विषारी, त्यातला चोचवाला जास्त घातक आणि स्वभावानेही तापट.

खलाशांना एकच खूण शिकवा: शेपूट वल्ह्यासारखी चपटी आणि अंगावर खवले असले की समुद्रसाप. वामीला (सापासारखा लांब मासा) खवले दिसत नाहीत, अंग बुळबुळीत असतं, डोक्यामागे कल्ल्याचं भोक असतं. खाडीत ढिल्या, खरखरीत कातडीचा, पट्टेरी असा एक बिनविषारी सापही येतो. पण पहाटेच्या अंधारात तो ओळखण्याची परीक्षा कोणी देऊ नये, त्यालाही सगळी खबरदारी घेऊनच सोडवायचं.

आता सोडवण्याबद्दल. सामान असं ठेवा: चार फुटी काठी आणि तिच्या टोकाला जाड तारेचा बोथट आकडा, बागेत गवत कापायची लांब दांड्यांची कात्री, एक गोणपाट, झाकणाचा प्लास्टिकचा क्रेट, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला टॉर्च. चिमटा घेऊ नका, त्याने बरगड्या मोडतात. सुरीही नको. सुरीने कापताना तंगूस ताणावं लागतं, मग ते सापाच्या अंगात आणखी रुततं आणि आपला हातही जवळ जातो.

ओढताना एकाने काठावरून खाली पाण्यात बघत राहायचं. साप दिसला की त्याने हाक द्यायची आणि ओढणाऱ्याने थांबायचं. जाळं तेवढ्याच जागी काठाच्या बाहेर लटकत ठेवा, होडीत घेऊ नका. निम्मे अपघात इथेच टळतात, कारण साप एकदा मासळीच्या ढिगात पडला की कोणाच्या पायाशी निघेल सांगता येत नाही. इंजिन न्यूट्रलला. आकडा सापाच्या अंगाखाली मध्यावर घालून त्याचं वजन काठीवर घ्या, म्हणजे मानेवरचा ताण जातो आणि वळवळ कमी होते.

कापायला शेपटीकडून सुरुवात करा, डोकं शेवटी. हा क्रम चुकवू नका. मान अडकलेली आहे तोवर तोंड कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं. मान आधी मोकळी केली तर मागचं सोडवताना तोंड मोकाट. मानेशी दोन, फार तर तीन आस (जाळ्याचे डोळे) कापावे लागतात. ते कापताना जाळं पाण्याच्या अगदी वर असू द्या, साप आपसूक खाली घसरतो. उंचावरून फेकायचा नाही.

डोकं आधीच मोकळं आणि पोट अडकलेलं असेल तर गोणपाट ओला करून चार पदरी घडी घाला, डोक्यावर टाका, काठीने हलकेच दाबून धरा, आणि दुसऱ्याने मागचं कापायचं. या एका प्रकाराला दोन माणसं लागतातच, एकट्याने करू नका.

कांडाळवाला
खूप उपयोगी, आभारी आहे. दोन शंका. हातमोजे कुठले घ्यावेत? आणि जे निपचित येतात ते मेलेलेच धरायचे का?

खाडीकाठ
वेल्डिंगवाले वापरतात ते कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे बरे. समुद्रसापाचे विषदंत जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे, म्हणून जाड चामड्याने धोका बराच कमी होतो. बराच, पूर्ण नाही. भिजून मऊ झालेलं चामडं किंवा भोक पडलेला रबरी मोजा म्हणजे नुसतं समाधान. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट हवेतच. मासळी निवडताना ढिगात हात घालायचा नाही, लाकडी पट्टीने पसरून मग उचलायची.

निपचित साप मेलेला समजू नका. तो हवेवर जगतो, कल्ले नसतात. जाळं रात्रभर खाली राहिलं की श्वासाला वर येता येत नाही आणि गुदमरून थंड पडतो. काठीने शेपटीच्या टोकाला स्पर्श करा. टोक हललं, अंगात जरा वळण आलं, जीभ बाहेर आली तर जीव आहे. अशाला लगेच पाण्यात टाकलात तर बुडेल. क्रेटमध्ये ओला गोणपाट अंथरून त्यावर ठेवा, झाकण लावा, सावलीत ठेवा. क्रेटमध्ये पाणी साठू देऊ नका, डोकं वर उचलायची ताकद त्याच्यात नसते. तासाभरात हालचाल नीट आली तर क्रेट पाण्याच्या पातळीला टेकवून कलता करा. अंग ताठरलं असेल तर मेला, पण तरीही काठीनेच उचला. मेलेल्या सापाच्या ग्रंथीत विष तसंच असतं आणि दात टोचला तर ते काम करतं.

तळकोकण_डॉक्टर
चावण्याबद्दल मी लिहितो, कारण इथे गैरसमज जास्त आणि वेळ कमी असतो.

समुद्रसापाचा चावा पुष्कळदा दुखत नाही. काटा टोचल्यासारखं वाटतं, सूज येत नाही, म्हणून माणूस कामाला लागतो. बऱ्याच चाव्यांत विष उतरतही नाही. पण उतरलं की नाही हे पहिल्या अर्ध्या तासात कोणालाच सांगता येत नाही. विष मुख्यतः स्नायूंवर जातं. अर्ध्या तासापासून तीन-साडेतीन तासांत मान, पाठ, मांड्या दुखायला लागतात, अंग आखडतं, जबडा उघडायला त्रास होतो. पापण्या जड होणं, जीभ जड होणं ही पुढची लक्षणं. तीन ते आठ तासांत लघवी कोऱ्या चहासारखी तांबूस-काळी झाली तर स्नायू विरघळून त्यांचा रंग मूत्रपिंडात उतरतोय. त्याच वेळी रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. माणूस दगावतो तो श्वास थांबून, हृदय थांबून, किंवा काही दिवसांनी मूत्रपिंड निकामी होऊन.

होडीवर करायचं ते एवढंच. कामावरून उठवा, आडवं करा, चालू देऊ नका, वल्हं मारू देऊ नका, कारण स्नायू हलले की विष पसरतं. अंगठी, कडं, हातातला दोरा काढा. हात किंवा पाय फळकुटाला बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर करा. दहा सेंटीमीटर रुंदीचं इलॅस्टिक बँडेज असेल आणि कोणी बांधायला शिकलेलं असेल, तर बोटांपासून वरपर्यंत पूर्ण हातपायाला, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितकंच घट्ट गुंडाळा आणि वर फळकूट. शिकलेलं कोणी नसेल तर नुसतं फळकूट पुरे. चीर देणं, चोखणं, बर्फ, दारू, झाडपाला यातलं काहीही नको. दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी तर मुळीच नको, ती मूत्रपिंडावर आणखी भार टाकते. पॅरासिटामॉल चालेल.

बंदरावरचा
डॉक्टर, वर दोरीने करकचून बांधलं तर विष चढत नाही असं सगळे जुने तांडेल (होडीचे म्होरके) सांगतात. निदान किनाऱ्याला येईपर्यंत?

तळकोकण_डॉक्टर
नाही. दोरीने रक्त थांबतं, हात काळानिळा पडायला लागतो, आणि सोडल्यावर साठलेलं सगळं एकदम हृदयाकडे जातं. या सापात तर आधीच स्नायू मरत असतात, वरून आणखी मारायचे कशाला?

कुठे न्यायचं हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेलं आहे. समुद्रसापावर ते लागू पडत नाही, आणि ते दिल्याने रिॲक्शन येण्याचा धोका मात्र राहतो. म्हणून ‘जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन येऊ’ हा हिशेब इथे कामाचा नाही. लागतं काय, तर सलाईन, रक्ततपासणी, गरज पडली तर डायलिसिस आणि व्हेंटिलेटर. तुमच्या भागातून ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यात बांबोळीचं सरकारी रुग्णालय. मासेमारीला निघायच्या आधीच, आज जमिनीवर असताना, डायलिसिस मशीन चालू आहे का हे फोन करून विचारून ठेवा. होडीवरून मोबाईलला रेंज लागली की १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बंदरावर बोलवा, किनाऱ्याला लागून मग गाडी शोधत बसू नका.

त्रास नसला तरी चोवीस तास देखरेखीखाली ठेवायचंच. सहा तासांनी बरं वाटतंय म्हणून घरी नेलेला रुग्ण रात्री लघवी काळी झाली म्हणून परत येतो.

रापणकार
रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा) प्रश्न वेगळा आहे, तो इथेच मांडतो. तारकर्ली, शिरोडा, जिथे रापण ओढतात तिथे जाळं वाळूवर आलं की पर्यटक मोबाईल घेऊन आत घुसतात, पोरं मासे उचलतात. साप त्याच ढिगात. वाळूवर त्याला सरपटता येत नाही, पोटाचे खवले फार लहान असतात, म्हणून तो जागच्या जागी वळवळतो आणि लोकांना तो निरुपद्रवी वाटतो.

रापणीत दोन माणसं ओढायच्या कामातून मोकळी ठेवा. एकाने दोरी धरून लोकांना दहा पावलं मागे ठेवायचं. दुसऱ्याने आकडा आणि फावडं घेऊन जाळ्याची पिशवी गुडघाभर पाण्यात असतानाच साप बघायचे. पाण्यात असताना एक कड खाली दाबली की बरेचसे स्वतः निघून जातात, वाळूवर आणल्यावर एकेक उचलावा लागतो. वाळूवर आलाच तर रुंद फावड्यावर घेऊन ओल्या वाळूपर्यंत न्या आणि लाट परत फिरताना सोडा. येणाऱ्या लाटेवर सोडलात तर तो पुन्हा पायाशी.

पावसाळ्यात एकटाच किनाऱ्याला लागलेला साप मात्र पाण्यात ढकलू नका. तो सहसा जखमी किंवा थकलेला असतो आणि पुढच्या लाटेबरोबर परत येतो. वर ओलं फडकं, त्यावर उलटी बादली, आणि वनविभागाच्या १९२६ ला फोन. बादलीवर दगड ठेवायला विसरू नका, कुत्री उलथवतात.

खाडीकाठ
मुळात साप कमी यावेत, निदान जिवंत यावेत यासाठी दोन गोष्टी, कांडाळवाले. पहिली, जाळं पाण्यात किती तास राहतं. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ठेवण्याऐवजी तीन-साडेतीन तासांनी एक फेरी मारून ओढलंत तर साप कमी येतीलच असं नाही, पण जास्त जिवंत येतील, आणि मासळीही ताजी राहील. डिझेलचा खर्च वाढतो हे मान्य. दुसरी, मुखापासून अंतर. गढूळ पाण्याची रेषा जिथे संपते त्याच्या बाहेर टाकून बघा, चोचवाला बराच कमी होईल. बाहेर जाडा पट्टेवाला भेटेल, आणि तोही विषारीच.

बंदरावरचा
जाळं कापलं तर शासन भरपाई देतं ना? त्यात हे बसेल का?

रापणकार
ती २०१८ ची योजना, २५,००० रुपयांपर्यंत. कासव, व्हेल शार्क असे मोठे संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं तर त्यासाठी. फोटो किंवा व्हिडिओ लागतो, म्हणून कासव आलं तर कापायच्या आधी मोबाईल बाहेर काढा. सापाला तीन आस कापायचे, ते जाळं विणणारा दहा मिनिटांत सांधतो. त्याच्यासाठी अर्ज करण्यात चप्पल झिजेल.

कांडाळवाला
सामान आजच आणतो. डॉक्टर, एक शेवटचं. रुग्णालयात गेल्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं? खलाशांना मराठी नीट येत नाही, घाईत काहीतरी भलतंच सांगतील. आणि साप सोबत न्यायचा का?

तळकोकण_डॉक्टर
साप नेऊ नका, मेलेलाही नाही. जमल्यास डोकं आणि शेपूट दिसेल असा फोटो घ्या, त्यासाठी कोणी जवळ जायचं नाही. फोटो नाही मिळाला तरी अडत नाही.

एक कार्ड लिहून प्लास्टिकमध्ये घालून होडीच्या पेटीत ठेवा. वर ठळक अक्षरात: ‘समुद्रसाप चावला आहे, जमिनीवरचा साप नाही.’ खाली रिकाम्या जागा: चावल्याची वेळ, अंगदुखी कधी सुरू झाली, शेवटची लघवी किती वाजता आणि तिचा रंग, काय बांधलं आणि किती वाजता, कुठली गोळी दिली. त्याखाली एक विनंती: क्रिएटिनिन, पोटॅशियम, सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी), ईसीजी आणि लघवीची तपासणी आत्ता आणि दर काही तासांनी. वेळा होडीवरच पेन्सिलने भरायच्या, पेनची शाई खाऱ्या पाण्याने पसरते. इलॅस्टिक बँडेज बांधलं असेल तर ते रुग्णालयात पोचेपर्यंत कोणी सोडायचं नाही, हेही कार्डावर लिहा, कारण रुग्णवाहिकेत बसल्याबरोबर कोणीतरी ते सैल करतंच.