मदत हवी आहे: नववीच्या मुलीची उन्हाळी निवासी शिबिरात 'निवड', 48,000 भरावेत का?

चोपडेकर
राम राम मंडळी. मुलगी नववीत आहे. चोपडा तालुक्यातल्या खेड्यावरची अनुदानित शाळा, सेमी इंग्रजी, गणित-विज्ञान चांगलं. शाळेत एक 40 मार्कांची चाचणी घेऊन गेले, आता पत्र आलंय की मे महिन्यात पुण्याच्या 12 दिवसांच्या निवासी शिबिरासाठी तिची निवड झाली. फी 48,000. त्यातले 10,000 रविवारपर्यंत भरायचे, नाहीतर जागा पुढच्याला. पत्रावर मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजचा फोटो आहे. पुढे जेईई-सीईटीला याचा उपयोग होतो का? आणि बिनपैशाचं काही असतं का?

तापीकाठ
भाऊ, रविवारची मुदत आधी डोक्यातून काढा. ज्यांच्याकडे खरंच जागा कमी आणि अर्ज जास्त असतात, ते पालकांच्या मागे लागत नाहीत.

फोटोवर जाऊ नका. मे महिन्यात कॉलेजांची वसतिगृहं रिकामी असतात, ती भाड्याने मिळतात. कॉलेजचा शिबिराशी संबंध तेवढाच असू शकतो. कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ई-मेल पत्ता घ्या आणि सरळ विचारा: हे शिबिर तुमचं की जागा दिलीय? मग हिशोब करा. राहणं आणि तीन वेळचं जेवण दिवसाला 1,000 धरलं तरी 12,000 होतात. उरलेल्या 36,000 मध्ये शिकवणार कोण? नावं मागा. 'नामवंत तज्ज्ञ' हे उत्तर नव्हे. एका गटात किती मुलं, प्रयोगशाळेत रोज किती तास, रात्री महिला वॉर्डन आहे का, फी परतीचा नियम लेखी आहे का, हेही विचारून घ्या. आणि एक विचारा, चाचणीला किती बसले आणि किती निवडले. हा आकडा जो देत नाही त्याने बहुतेक सगळ्यांनाच निवडलेलं असतं.

आकडेमोड
जेईई, नीट, सीईटीच्या प्रवेशात शिबिराच्या प्रमाणपत्राला शून्य गुण. तिथे परीक्षेचे मार्क आणि पात्रतेचे नियम, बाकी काही नाही.

बिनपैशाचं विचारलंत, तर तुमच्या मुलीसाठी पहिलं नाव इस्रोच्या 'युविका'चं, म्हणजे शाळकरी मुलांसाठीच्या अंतराळविज्ञान कार्यक्रमाचं. 2019 पासून आहे, दोन आठवड्यांच्या आसपास, देशभरातून साधारण 350 मुलं. इस्रोच्या वेगवेगळ्या केंद्रांवर होतं, त्यात अहमदाबादही आहे. राहणं, जेवण, साहित्य, मुलीचं रेल्वेभाडं इस्रोकडून. तिकिटं मात्र जपून ठेवा, ती दाखवावी लागतात. 2025 मध्ये नोंदणी 24 फेब्रुवारी ते 23 मार्च होती आणि कार्यक्रम 19 ते 30 मे. त्या वर्षाच्या 1 जानेवारीला नववीत असणारेच चालतात, म्हणजे संधी एकदाच.

निवडीत आठवीच्या मार्कांना 50 टक्के भार, ऑनलाइन प्रश्नमंजूषेला 10. विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काऊट-एनसीसी यांना थोडा थोडा. आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेला 15! खान्देशातल्या पालकांना हे कोणी सांगतच नाही. चोपडा शहरातल्या नगरपरिषद हद्दीतल्या शाळेला हे 15 नाहीत, तुमच्या खेड्यावरच्या शाळेला आहेत.

चोपडेकर
आकडेमोड दादा, हे माहीतच नव्हतं. पण तिच्या आठवीच्या प्रगतिपुस्तकात नुसत्या श्रेणी आहेत, टक्के कुठून आणू?

आकडेमोड
आपल्याकडे बरेच अर्ज इथेच अडतात. मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर विषयवार मिळालेले गुण, पैकी गुण, एकूण टक्के असं लिहून सही-शिक्का घ्या. शाळा ग्रामपंचायत हद्दीत असल्याचंही त्याच दिवशी घ्या, नाहीतर मार्चमध्ये सर बोर्डाच्या परीक्षेच्या कामात असतात. नाव सगळीकडे एकसारखं हवं. आधारवर वडिलांचं नाव मधे आणि शाळेत शेवटी, असलं काही असेल तर आत्ताच बघा. ई-मेल मुलीच्या नावाने नवा काढा आणि रोज उघडा. निवड यादीचा मेल स्पॅममध्ये पडून मुदत निघून जाऊ शकते. नोंदणी केली आणि प्रश्नमंजूषा दिलीच नाही, असंही करू नका.

वर्गमूळ
युविका चांगलंच आहे, पण ते मुख्यतः ओळख करून देणारं. व्याख्यानं, प्रयोगशाळा, केंद्र पाहणं. मुलाची कसोटी लावणारं हवं असेल तर ऑलिंपियाडची, म्हणजे गणित-विज्ञानाच्या टप्प्याटप्प्याच्या स्पर्धा परीक्षांची वाट धरा. तिच्या शेवटी मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं निवासी शिबिर असतं. तिथली जागा पैशाने मिळत नाही.

नववीच्या मुलीला दोन दारं आहेत. गणितात आयओक्यूएम ही पहिली पात्रता परीक्षा, सप्टेंबरच्या सुमारास: 3 तास, 30 प्रश्न, 100 गुण, प्रत्येक उत्तर दोन अंकी पूर्णांक. पर्याय नसतात, त्यामुळे अंदाजाने ठोकून चालत नाही. त्यापुढे आरएमओ ही विभागीय फेरी, मग आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी, या दोन्हींत पूर्ण सिद्धता लिहायची. विज्ञानात नोव्हेंबरमध्ये एनएसईजेएस ही पहिली परीक्षा, दहावीपर्यंतच्या मुलांसाठी. दोन्हींची नोंदणी पावसाळ्यात उघडते आणि फी काही शे रुपये. केंद्र जळगाव-धुळ्याचं मिळतंय का ते पहिल्याच आठवड्यात बघा. शाळेत कोणाला माहीत नसेल तर मुदत उलटून गेल्यावरच कळतं.

आपली मुलं भूमितीत तगतात, कारण बालभारतीच्या गणित भाग 2 मध्ये सिद्धता लिहायची सवय लागते. अडतात संख्यासिद्धांताच्या (विभाज्यता, बाकी, मूळ संख्या) आणि मोजणीच्या (एखादी गोष्ट किती प्रकारे होते) गणितांत. ती शाळेत फारशी येत नाहीत.

तापीकाठ
प्रवेशाला उपयोगाचा मुद्दा इथे मात्र बदलतो. आयआयटी कानपूरने 2025 पासून काही शाखांत ऑलिंपियाडच्या कामगिरीवर जागा ठेवल्यात. म्हणजे वजन शिबिराला नाही, तिथवर पोचायला जे सोडवलं त्याला. परदेशातही हेच. अमेरिकेत बोस्टन विद्यापीठातलं प्रॉमिस किंवा 1957 पासूनचं रॉस, ही दोन्ही गणिताची उन्हाळी शिबिरं सहा आठवड्यांची. अर्जातच अवघड गणितं देतात, ती आठवडेच्या आठवडे झगडून स्वतः सोडवायची. फी आहे, गरजूंना सवलतही आहे. तिथल्याच एमआयटीतलं आरएसआय हे उन्हाळी संशोधन शिबिर तर निवड झालेल्यांना शिकणं-राहणं फुकट देतं, पण निवडच फार कडक. मोठ्या विद्यापीठाच्या आवारात नुसते दोन आठवडे पैसे भरून राहून आलेल्याला तिथले प्रवेशवाले फारसं मोजत नाहीत.

चोपडेकर
10,000 भरत नाही. युविकात नाव नाही लागलं तर मे महिना नुसता जाणार का? घरी 45 डिग्रीत दुपारी दुसरं काही होत नाही.

वर्गमूळ
नाही जाणार. होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत. आठवड्याला एक आयओक्यूएम, सकाळी 7 ते 10, घड्याळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पहिल्या पेपरला 100 पैकी 15-20 पडले तरी घाबरू नका, शाळेत 95 असणाऱ्यांचंही तसंच होतं. जे सुटलं नाही त्याचं उत्तर लगेच बघू देऊ नका. दोन दिवस वहीत राहू द्या, वेगळ्या पानावर पुन्हा प्रयत्न, मग उत्तर. सुटलेलं गणितही पूर्ण वाक्यांत लिहायला लावा, आरएमओत नुसत्या उत्तराला गुण नसतात. शिक्षक नसला तरी चालतं, पण जोडीला अजून एक मुलगी असेल तर वह्या अदलाबदल करून तपासता येतात.