बडोद्याची बालसखी: विषमतेवरचा उपाय की स्वस्त पळवाट?

मांडवीकर:
२००१ ते २००३ या काळात आपल्या बडोद्यात आणि मुंबईत, सरकारी प्राथमिक शाळांमध्ये, 'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने एक प्रयोग झाला. जगभरचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी तो आज अभ्यासतात, पण दांडिया बाजारात चार जणांना विचारले तर एकालाही तो ठाऊक नसतो. तिसरी-चौथीत मागे पडलेली १५-२० मुले रोज दोन तास वर्गाबाहेर बसवायची आणि वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीने, म्हणजे बालसखीने, त्यांच्याकडून वाचन आणि अंकगणित पक्के करून घ्यायचे, एवढीच ती योजना होती. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवल्यामुळे तुलना स्वच्छ झाली. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार सरासरी गुण प्रमाण विचलनाच्या (मुलामुलांच्या गुणांत साधारण किती तफावत असते ते सांगणाऱ्या मापाच्या) ०.२८ पट वाढले, तेही प्रामुख्याने तळाच्या मुलांचे, आणि खर्च आला दर मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर. उलट, ही मुले उठून गेल्यावर वर्गाची गर्दी कमी झाली, तरी मागे उरलेल्यांना त्याचा काही लाभ दिसला नाही. म्हणून माझे म्हणणे असे की स्मार्ट बोर्ड आणि नव्या इमारती यांच्याआधी पालिकेच्या प्रत्येक शाळेत बालसखी कायमची नेमली जावी.

गणितबाई:
मी पालिकेच्या मराठी शाळेत २७ वर्षे गणित शिकवले, त्यामुळे हा आकडा मला आपल्याइतका सुखावत नाही. चौथीतला मुलगा ४२ मधून १७ वजा करतो आणि ३५ लिहितो. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मोठ्यातून लहान काढायचे हा नियम त्याने इमानाने पाळलेला असतो, हातच्याची वजाबाकी तेवढी त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. दहा काड्यांचा एक गठ्ठा त्याच्यासमोर सोडला की वीस मिनिटांत ते त्याला उमगते, हे मला चांगले ठाऊक होते. पण दोन इयत्ता एका खोलीत, वर मतदार याद्यांचे काम, तेव्हा ती वीस मिनिटे आणायची कुठून? मला ते दोन तास मिळाले असते तर मीच बालसखी झाले असते.

शिवाय त्या मुलीला महिन्याला ५०० ते ७५० रुपये मिळत. म्हणजे गरीब वस्तीच्या शिक्षणातली तूट गरीब वस्तीतल्याच मुलीने स्वस्तात भरून काढायची. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा त्याचा भार खजिन्याने उचलला होता. आणि आपण एक गोष्ट गाळलीत: कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तो लाभ ०.१० च्या आसपास उरला होता.

जमाखर्च:
दोघेही तळाच्या मुलाला तळाच्याच शाळेत ठेवून बोलत आहात. ज्यांना परवडले ते पालिकेच्या शाळांतून कधीच बाहेर पडले, आमचे घरही त्यातच आले. विषमता मोजायची ती या फारकतीत. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती तरतूद कायम ठेवली. दिल्लीतल्या उच्चभ्रू शाळांत गरीब मुले आल्यावर श्रीमंत मुलांची वृत्ती अधिक उदार झाली आणि भेदभाव कमी झाला, असे अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांच्या २०१९ च्या संशोधनात आढळले. बालसखीने हे साधणार आहे का?

मांडवीकर:
जमाखर्च, फारकत मलाही मान्य आहे, पण दिल्लीच्या त्या अभ्यासात मुख्यतः श्रीमंत मुलांमधला बदल मोजलेला आहे. गरीब मूल खाजगी शाळेत गेल्यावर किती शिकते, याचे उत्तर मुरलीधरन आणि सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी आंध्र प्रदेशात चिठ्ठीने दिलेल्या शिष्यवृत्त्यांवरून २०१५ मध्ये दिले: तेलुगू आणि गणितात फरक नाही, हिंदीत मात्र पुढे, आणि हे सारे सरकारी शाळेच्या सुमारे एक तृतीयांश खर्चात. त्यात गुजरातने २०२५ मध्ये या २५ टक्क्यांसाठीची उत्पन्नमर्यादा ६ लाखांवर नेली. शहरात ती आधी दीड लाख होती. आता हातगाडीवाल्याचे मूल आणि बऱ्या पगाराच्या कारकुनाचे मूल एकाच सोडतीत उभे आहेत.

गणितबाई, आपला वेळेचा मुद्दा मला पूर्वी पटला नसता, आता पटतो. हीच पद्धत पुढे सरकारी शिक्षकांकडून राबवून पाहिली तेव्हा उत्तराखंडात काही हाती लागले नाही, कारण शिक्षक पुन्हा अभ्यासक्रम पुरा करण्याच्या मागे लागले. हरियाणात रोजचा एक तास वेळापत्रकातच राखून ठेवला आणि मुले इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवली, तेव्हा तेच शिक्षक यशस्वी झाले. ओसरलेल्या लाभाबद्दल म्हणाल, तर दोन वर्षांची मदत काढून घेतल्यावर तो टिकावा ही अपेक्षाच मला अवाजवी वाटते. म्हणून तर मी 'कायमची' म्हटले.

गणितबाई:
हरियाणाचा तास मला मान्य. पण 'कायमची' म्हणताना वेतनाविषयी आपण मौन पाळलेत. त्याच प्रयोगात बडोद्याच्या चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे असे बसवून गणिताचे खेळ दिले होते. त्यात ०.४७ इतकी वाढ झाली, म्हणजे आपल्या बालसखीहून अधिक; खर्च मात्र दर मुलामागे १५ डॉलर, म्हणून धोरणकर्त्यांनी स्वस्त उपायाचेच कौतुक केले. आमच्याकडे संगणक आले होते, पण खोलीची किल्ली कपाटात आणि यंत्रांवर कापडी खोळ, तेव्हा मी यंत्राची बाजू घेते आहे असे समजू नका. बालसखीला शिक्षिकेची वेतनश्रेणी आणि प्रशिक्षण द्या, आपल्या मागणीखाली पहिली सही माझी. मात्र तेव्हा खर्च सव्वादोन डॉलर राहणार नाही. किती होईल तो आकडा आपण इथे मांडा, मग स्मार्ट बोर्डांशी तुलना करू.