कोलकात्यातली पार्क स्ट्रीटची जुनी दफनभूमी: आईला घेऊन जावं का?

शहापूरची_लेक
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आठ दिवस कोलकात्याला धाकट्या भावाकडं चाललोय. त्यानं पार्क स्ट्रीटवरची इंग्रजांची जुनी दफनभूमी बघायची यादी करून ठेवलीय. आई म्हणते, "एवढं भाडं घालून मसणवट बघायला जायचं होय?" तिचे गुडघेही दुखतात. किती वेळ लागतो, आजूबाजूला आणखी काय आहे? कुणी जाऊन आलंय का?

खानापूरचा_फौजी
दोन वर्षं कोलकात्यात फोर्ट विल्यमला, म्हणजे लष्कराच्या तळावर होतो. लोंड्याला अमरावती एक्सप्रेस पकडायची आणि हावड्याला उतरायचं, हे पाठच झालेलं. त्या दफनभूमीत पहिल्यांदा शिरलो ते पावसात उभारायला जागा मिळेना म्हणून. एका मंडपाखाली तासभर उभारलो, नंतर कळलं की ते थडगंच!

घराएवढी थडगी आहेत ओ. पिरॅमिड, घुमट, खांबांचे मंडप. सगळं विटांचं, वर चुन्याचा गिलावा, त्यावर शेवाळ. सुरू झाली १७६७ ला. आपला किल्ला इंग्रजांनी घेतला १८१८ ला, म्हणजे ते बेळगावात यायच्या पन्नास वर्षं आधीपासून तिथं माणसं पुरत होते. सगळ्यात उंच पिरॅमिड विल्यम जोन्सचा. कोर्टातला जज्ज, पण संस्कृत शिकला, १७८४ ला एशियाटिक सोसायटी काढली. ती याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. आईंना मात्र आधी 'हिंदू स्टुअर्ट'चं थडगं दाखवा. मेजर जनरल असून रोज गंगेत आंघोळ करायचा म्हणे. थडगं देवळासारखंच बांधलंय, चपला काढायला हात जातो.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. कित्तूरला राणी चन्नम्मांच्या लोकांनी २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे याला मारलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याचा थोरला भाऊ रिचमंड थॅकरे कलकत्त्यात कंपनीच्या नोकरीत होता, तो १८१५ ला वारला. हे कळल्यावर दोन रविवार मी पाट्या वाचत फिरलो. शेवटी चौकीदार हसला. म्हणाला, ती रस्त्यापलीकडची नॉर्थ पार्क स्ट्रीट दफनभूमी, कधीच मोडली, वर शाळा नि हॉस्पिटल झालंय. गंमत बघा, धाकटा कित्तुरात मेला, त्याचं थडगं धारवाडात शिल्लक, आणि कंपनीच्या राजधानीत मेलेल्या थोरल्याचं गेलं.

बाहेर पडलं की मल्लिक बाजार. जुन्या गाड्यांच्या पार्टांचा. माझ्या बुलेटचा एक पार्ट बेळगावात मिळेना, तो तिथं मिळाला. मदर तेरेसांची समाधी असलेलं मदर हाऊस पण तिथून जवळच, आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला. दोन-अडीच तास ठेवा.

कॅम्पातला_बाब्या
अडीच तास? फौजीकाका प्रत्येक पाटी वाचतात म्हणून. पाऊण तासात होतंय की. मी मार्चमध्ये गेलेलो. ओडोमॉस लावा, नाहीतर डास उचलून नेतील. वाटा सपाट आहेत, पण पाऊस झाला असेल तर शेवाळावरून पाय घसरतो. गुडघ्यांचं तेवढं सांभाळा. मोठा कॅमेरा असेल तर गेटवर आधी विचारा.

आणि डेरोझिओचं थडगं चुकवू नका. हिंदू कॉलेजात शिकवायचा, पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं म्हणून नोकरी गेली. १८३१ ला पटकीनं गेला, तेव्हा फक्त बावीस वर्षांचा. मी तेव्हा बावीसचाच होतो, डिप्लोमाचे दोन विषय राहिलेले. तिथं जास्त वेळ थांबवेना.

खानापूरचा_फौजी
बाब्या, पाऊण तासात तू पार्किंग बघितलंस रे, दफनभूमी नाही.

शहापूरची_लेक
दोघांचेही आभार. सकाळी लवकर जाऊ, म्हणजे ऊनही नको आणि डासही नकोत. रात्री आईला कित्तूरचं वाचून दाखवलं. जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "भावाचं थडगं धारवाडात आहे म्हणतात, ते बघितलंय होय आपण कधी?" रविवारी सकाळच्या बसनं निघतोय. येताना पेढे आणायचेत, कुंदा काय रोजचाच आहे. फौजीकाका, धारवाडात उतरून कुठल्या बाजूला जायचं ते तेवढं सांगा.