बॉट ग्रुपमध्ये ठेवायचा का?

सेक्रेटरी: कालचा विषय सगळ्यांनी वाचा, मग बोला. बी-304 च्या काकूंनी रात्री विचारलं, "उद्या नळाला पाणी यायलंय का? ह्यांना दवाखान्यातून घरी आणायचंय." कुणी काही लिहायच्या आत बॉटनं, म्हणजे ग्रुपात आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामनं, टाकलं, "होय, सकाळी 6 वाजता." मागच्या आठवड्यातला मेसेज धरून बोलला तो. काकूंनी टँकर सांगितला नाही. सकाळी टाकी कोरडी, आणि काका पायाला प्लास्टर घेऊन दारात.

बी-404: व्हॉल्व्हचं काम निघालंय, हे मला माहीत होतं. पण उत्तर आलेलं दिसलं आणि मी फोन बाजूला ठेवला.

सेक्रेटरी: मला तेच जास्त लागलं. माहिती असणारा माणूस गप्प बसला.

ए-102: काकू, चूक माझी. बॉट मी जोडला. तो पुढचा शब्द कोणता बसेल ते लावत लावत वाक्य करतो, व्हॉल्व्हपाशी जाऊन बघत नाही. प्रश्न कुणाला विचारलाय, कधी गप्प राहावं, हे त्याला आपल्यासारखं उमगत नाही. टेलिग्रामवर बॉटचा प्रायव्हसी मोड मुळात चालूच असतो. मग त्याला कमांड, म्हणजे / लावून दिलेला हुकूम, आणि त्याच्या मेसेजला दिलेले रिप्लाय, साधारण एवढंच पोचतं. मी तो बंद केला, वरून बॉटला अ‍ॅडमिन केलं. अ‍ॅडमिन बॉटला मोड काहीही असो, सगळे मेसेज दिसतात.

बी-304 काकू: म्हणजे ह्यांच्या रिपोर्टचं मी लिहिलं, तेबी त्यानं वाचलं?

ए-102: हो काकू. ज्या कंपनीच्या एआय मॉडेलवर तो चालतो, तिच्या सर्व्हरवरही गेलं.

ए-405 अण्णा: काढून टाका बाप्पा. एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातुरात पाणी आलं, तेव्हा आपण जिन्यात उभं राहून पाळ्या लावल्या. कुणाकडं बाळंतीण आहे, कुणाचं म्हातारं झोपून आहे, हे बघून घागर पुढंमागं केली. ते त्याला कोण सांगणार?

बी-103 ताई: अण्णा, पटतंय. पण माझी ड्यूटी रात्री संपते. पार्किंगचा नियम, मेंटेनन्सची तारीख अकरा वाजता कुणाला विचारू? बॉटला विचारताना संकोच वाटत नाही. एकदम काढू नका.

सेक्रेटरी: ठेवू. पण अ‍ॅडमिनपद काढा, प्रायव्हसी मोड चालू करा. हाक मारली तरच बोलेल. पाणी, लाइट, लिफ्ट आणि कुणाची तब्येत, यात त्यानं पडायचं नाही. पाण्याचं मी व्हॉल्व्हवाल्या भाऊंना फोन करून स्वतः टाकत जाईन. आणि बॉटनं काहीही लिहिलेलं असो, ज्याला माहीत आहे त्यानं लिहायचंच.

ए-102: मोड बदललाय. बॉट काढून परत जोडल्याशिवाय लागू होत नाही, तेच करायलोय.

बी-404: काकू, माझ्या टाकीत पाणी आहे. वरून पाइप सोडायलोय, मोरीची खिडकी उघडा.