लॅरी कोकर : आयत्या बिळावरचा नागोबा? (मायामी, २००१)

समुद्रवारा (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर (हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन पळतात तो) आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. पण परवा एका जुन्या मित्राशी फोनवर यावरून चांगलंच वाजलं. रात्री झोप येईना, म्हणून इथे मांडतो.

विषय आहे मायामी विद्यापीठाचा २००१ चा संघ. बारा सामने, बारा विजय आणि राष्ट्रीय विजेतेपद. ५१२ गुण केले, दिले फक्त ११७. त्या संघातल्या ३८ जणांची पुढे व्यावसायिक एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) निवड झाली, त्यातले १७ पहिल्या फेरीत गेले. कॉलेजच्या खेळात यापेक्षा भारी संघ झाला नाही असं मानणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच.

आणि कोच कोण, तर लॅरी कोकर. वय ५२. सहा वर्षं तिथेच आक्रमणाची आखणी सांभाळत होता, पण तोवर एकाही कॉलेजात मुख्य कोच झालेला नव्हता. २००१ च्या जानेवारी अखेरीस आधीचा मुख्य कोच बुच डेव्हिस एनएफएलच्या क्लीव्हलँड ब्राउन्सकडे निघून गेला आणि ही माळ कोकरच्या गळ्यात पडली. नव्या मुलांच्या सह्या घ्यायचा दिवस तेव्हा जेमतेम आठवड्यावर होता. मुख्य कोच म्हणून पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा माणूस त्याआधी थेट १९४८ साली झाला होता, मिशिगनचा बेनी ऊस्टरबान.

मित्र म्हणतो, "बीळ खणलं डेव्हिसने, कोकर म्हणजे आयत्या बिळावर नागोबा."

मी तेव्हा मायामीत शिकत होतो. ऑरेंज बोल मैदान लिटल हवानातल्या बैठ्या घरांच्या वस्तीत होतं. सामन्याच्या दिवशी तिथली माणसं चार पैसे घेऊन अंगणात गाड्या लावू देत. आमची गाडी ठरलेल्या एका आजींच्या आंब्याखाली लागायची. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला स्पॅनिश येत नव्हतं, तरी परतताना त्या बोटांनी गुण विचारायच्या. आत बाकं अ‍ॅल्युमिनियमची. लोक पाय आपटायला लागले की खालून सगळा स्टँड थरथरायचा आणि ती थरथर पोटरीपर्यंत जाणवायची.

माझं म्हणणं असं, की बसलेली घडी न मोडणं हे सोपं काम नाही. नव्या माणसाला आपली छाप पाडायची घाई असते. कोकरने ती केली नाही. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) केन डॉर्सीला ज्या पद्धतीने खेळायची सवय होती ती तशीच ठेवली. जिथे जागा रिकामी होती तिथे मात्र नेमका माणूस आणला. बचावाचा प्रमुख ग्रेग शियानो आधीच रटगर्सचा मुख्य कोच होऊन गेला होता. त्याच्या जागी आला रँडी शॅनन, जो १९८७ च्या विजेत्या मायामी संघात स्वतः खेळलेला. त्या बचावाने वर्षभरात तीन संघांना एकही गुण करू दिला नाही, आणि त्या तिघांत शियानोचा रटगर्स होता, ६१-०. हे श्रेय डेव्हिसच्या खात्यात कसं टाकणार?

पाटकरी

धागा आवडला, मत पटलं नाही.

कॉलेजचा संघ म्हणजे पैसे फेकून खेळाडू आणायचे असा प्रकार तेव्हा नव्हता. शाळेतून मुलं हेरायची, घरी जाऊन आईबापांना भेटायचं, स्कॉलरशिप द्यायची आणि तीन-चार वर्षं घडवायची. आज लावलेलं झाड चौथ्या वर्षी फळतं. म्हणून २००१ चा निकाल बघायचा तर आधी १९९७ कडे बघा.

१९९५ साली डेव्हिस आला आणि त्याच वर्षाअखेरीस जुन्या नियमभंगांची शिक्षा झाली. बोल सामना (हंगामाअखेरचा मानाचा सामना) गेलाच, शिवाय ३१ स्कॉलरशिप कापल्या. पाप आधीच्यांचं, फेडायचं याने. १९९७ मध्ये पाच विजय, सहा पराभव. फ्लोरिडा स्टेटने ४७-० असं धुतलं. लोक त्याला घालवा म्हणून ओरडत होते. आणि त्याच साली तो लुईझियानातून एक पोरगा घेऊन आला, २००१ च्या बचावातला एड रीड. स्कॉलरशिप पुरत नव्हत्या, तर सँटाना मॉससारखा पोरगा धावपटूंच्या कोट्यातून फुटबॉलला आणला. इतक्या ओढाताणीत माणूस मुलं निवडत होता आणि चुकत नव्हता.

मग १९९८ च्या डिसेंबरात यूसीएलएला ४९-४५ हरवलं, एजरिन जेम्स एकटा २९९ यार्ड धावला. २००० साली अकरा विजय आणि एकच हार. फ्लोरिडा स्टेटला २७-२४ हरवूनसुद्धा अंतिम सामन्याला त्यांनाच पाठवलं. मायामीची पोरं ते गिळून शुगर बोलला गेली आणि फ्लोरिडाला ३७-२० ने हरवून आली. म्हणजे २००१ उजाडलं तेव्हा ताट वाढून तयार होतं. कोकर वाईट माणूस नव्हता, पण पाटावर बसायला बोलावलेला पाहुणा होता.

कणीस

मी नेब्रास्कात राहतो, त्यामुळे ३ जानेवारी २००२ ची ती रात्र मला नको इतकी आठवते. राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, रोझ बोल, मायामीविरुद्ध आम्ही, मध्यंतराला ३४-० असे मागे. शेवट ३७-१४. आमचा एरिक क्राउच त्या वर्षीचा हाइझमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची) विजेता, त्याला श्वास घेऊ दिला नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर आम्ही त्या सामन्यात असायलाच नको होतो. कोलोराडोकडून ६२-३६ मार खाल्लेला, विभागाचं विजेतेपदही नाही, तरी संगणकाच्या क्रमवारीने आम्हाला पुढे ढकललं आणि ओरेगन बाहेर राहिलं. श्रेय कोणाचं तुम्ही ठरवा. पण त्या दिवशी मायामीची पोरं मोकळी खेळत होती, खांद्यावर ओझं नसल्यासारखी. मोठ्या सामन्यात असं मोकळं खेळता येणं हे त्या आठवड्यातल्या कोचच्या वागण्यावर असतं असं मला वाटतं.

आडवाट

तुम्ही दोघंही कोचवरून भांडताय आणि खेळणारे बाजूलाच राहिले.

कोकरला ती जागा मिळाली कशी? विद्यापीठ बाहेरच्या नामवंतांशी बोलत होतं. खेळाडूंनी क्रीडा संचालक पॉल डी यांच्याकडे जाऊन, आम्हाला घरचाच माणूस द्या, असा आग्रह धरला. एड रीडला त्या वर्षी एनएफएलमध्ये जाता आलं असतं, चांगले पैसे मिळाले असते. तो शेवटच्या वर्षासाठी थांबला.

१० नोव्हेंबरचा बॉस्टन कॉलेजचा सामना आठवतो का कोणाला? मी त्याची फीत कितीदा पाहिली असेन. डॉर्सीने त्या दिवशी चार इंटरसेप्शन दिली, म्हणजे फेकलेला चेंडू चारदा समोरच्यांच्या हातात. मायामीच्या आक्रमणाला एकही टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं, सहा गुण) करता आला नाही, नुसत्या किकवर १२-७ अशी आघाडी होती. शेवटचं मिनिट चालू आणि बॉस्टन मायामीच्या गोलरेषेपासून नऊ यार्डांवर येऊन ठेपलेलं. एक टचडाउन आणि सगळा हंगाम मातीत. त्यांच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकला, तो मायामीच्या माइक रम्फच्या पायाला लागून उडाला आणि मॅट वॉल्टर्स नावाच्या धिप्पाड बचावपटूच्या हातात पडला. वॉल्टर्स पळायला लागला. एवढ्या जड माणसाने एवढा मोलाचा चेंडू घेऊन पळणं म्हणजे जिवाला घोर. मागून एड रीड आला आणि आपल्याच माणसाच्या हातातून त्याने चेंडू अक्षरशः हिसकावून घेतला आणि ८० यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. १८-७.

ही गोष्ट कुठला कोच शिकवतो? डेव्हिस नाही आणि कोकर तर नाहीच. उलट कुठलाही कोच सांगेल की असं करू नकोस, चेंडू सांडला तर सगळं गेलं. ते विजेतेपद त्या पोरांचं होतं. पुढे १ डिसेंबरला व्हर्जिनिया टेकशी २६-२४ असा निसटता जिंकले, टचडाउननंतरचा त्यांचा जादा दोन गुणांचा प्रयत्न हुकला म्हणून. अशा क्षणी बाजूच्या रेषेवर कोण उभं आहे याने काही फरक पडत नाही.

समुद्रवारा (धागाकर्ता)

@आडवाट, फरक पडतो. आपल्या कोचला विचारल्याशिवाय असा निर्णय घेता येईल हे त्या मुलाला ज्या संघात वाटतं, तिथे कोचने त्याला तेवढी मोकळीक दिलेली असते. धाकात वाढलेला खेळाडू वॉल्टर्सच्या मागे नुसता पळत राहिला असता.

आणि ११ सप्टेंबरनंतरचे दिवस विसरू नका. वॉशिंग्टनचा सामना त्याच आठवड्यात होता, तो २४ नोव्हेंबरवर गेला. आदल्या वर्षी एकुलती एक हार याच वॉशिंग्टनने दिलेली, ३४-२९. राग मनात धरून अडीच महिने थांबायचं आणि मधले सामने सांडायचे नाहीत. तो सामना मी मैदानात पाहिला, ६५-७. त्याच्या आधीच्याच आठवड्यात सिराक्यूस ५९-०. दोन्ही संघ तेव्हा देशाच्या क्रमवारीत पहिल्या पंधरात होते. आजींना त्या दिवशी पासष्ट कसं सांगायचं हे कळेना, शेवटी मी गाडीच्या धुळीने भरलेल्या काचेवर बोटाने आकडा काढला.

पाटकरी

आता कोकरची वर्षं ओळीने लिहितो (विजय-पराभव), तुम्हीच वाचा.

२००१ : १२-०
२००२ : १२-१
२००३ : ११-२
२००४ : ९-३
२००५ : ९-३
२००६ : ७-६

डेव्हिसने आणलेली पोरं जसजशी संपत गेली तसतसा आकडा उतरत गेला. २००५ च्या शेवटी एलएसयूने ४०-३ ने हरवलं. २००६ च्या नोव्हेंबरात विद्यापीठाने कोकरला काढलं. झाडाला पाणी घालणारा बदलला की फळं लगेच थांबत नाहीत, दोन-तीन बहार येतच राहतात. ते संपल्यावर खरा माळी कोण होता ते दिसतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

रुईफूल

खेळातलं मला समुद्रवारा किंवा पाटकरी यांच्याइतकं कळत नाही. नवरा फ्लोरिडाचा चाहता असल्याने कानावर पडतं तेवढंच. पण "ताट वाढलेलं होतं, नुसतं जेवायचं होतं" हे वाक्य मला खटकलं.

मी काम करायचे तिथे आमची नऊ जणांची टीम होती, उत्तम चाललेली. साहेब सोडून गेले, नवे आले. पहिल्याच सोमवारी त्यांनी बसायच्या जागा बदलल्या. मग रोजच्या बैठकीची वेळ. मग आमची नोंदी ठेवायची वही बंद करून स्वतःच्या आवडीचं काहीतरी आणलं. एकेक बदल लहानच होता, वाईटही म्हणता येणार नाही. पण आठ महिन्यांत नवातले पाच जण गेले, सहावी मी. वाढलेलं ताट सांडायला किती थोडं लागतं ते मी पाहिलंय. कोकरच्या हाती तर शंभरएक विशीतली पोरं, त्यातली कितीतरी वर्षभरात लखपती होणारी. कोणी "मला चेंडू कमी मिळतो" म्हणून रुसलं असतं तरी पुरे होतं. ते झालं नाही याचं थोडं तरी श्रेय द्याल की नाही?

पाटकरी

@रुईफूल, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. आणि हो, एवढं श्रेय देतो. पहिल्या वर्षाचं. त्या वर्षी दुसरा कोणी हट्टी माणूस आला असता तर १२-० झालं नसतं, हे मान्य. पण सांभाळणारा आणि घडवणारा यांत फरक आहे, आणि इतिहासात नाव मात्र सांभाळणाऱ्याचं लागलं. मुख्य कोच म्हणून डेव्हिसला एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळालं नाही. शिक्षेची सगळी वर्षं त्याने काढली, ५१ सामने जिंकून दिले, आणि करंडकाच्या फोटोत तो नाही. मला हेच सलतं.

समुद्रवारा (धागाकर्ता)

तुमचं सलणं कळतं. पण डेव्हिसला कोणी ढकललं नव्हतं, तो स्वतः एनएफएलला गेला. राहिला असता तर फोटोत असता.

दुसरं, "आयतं" म्हणून विजेतेपदं बाद करायची ठरवली तर यादी फार लांब जाते. ऊस्टरबानला १९४८ साली मिळालेला मिशिगनचा संघ फ्रिट्झ क्रिसलरचा होता, आदल्या वर्षी १०-० राहिलेला. आणि कोकरची सलग २४ विजयांची मालिका जिथे तुटली, त्या २००३ च्या जानेवारीतल्या फिएस्टा बोलमध्ये समोर कोण होतं? ओहायो स्टेटचा जिम ट्रेसल, तोही दुसऱ्याच वर्षात, बरीचशी मुलं आधीच्या जॉन कूपरने आणलेली. दुसऱ्या जादा डावात ३१-२४. पहिल्या जादा डावात पंचांनी मायामीविरुद्ध उशिरा दाखवलेल्या फाउलच्या निशाणीबद्दल मी आजही शांतपणे बोलू शकत नाही, म्हणून थांबतो. पण ट्रेसलला कोणी नागोबा म्हटलेलं मी ऐकलं नाही.

कणीस

एक भर घालतो. कोकरने कधी काही उभं केलं नाही असं वर सुचवलंय, ते अर्धवट आहे. मायामीनंतर तो टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला गेला, यूटीएसए विद्यापीठात. तिथे फुटबॉल संघच नव्हता. खेळाडू नाहीत, हेल्मेट नाहीत, खेळाची वहीसुद्धा कोरी. २०११ साली पहिला सामना खेळले तेव्हा अलामोडोममध्ये ५६,७४३ लोक आले होते. पहिल्या वर्षी चार विजय, सहा हार. दुसऱ्या वर्षी ८-४.

पाटकरी

@कणीस, हे माझ्या लक्षातून सुटलं होतं. दुसऱ्या वर्षीच्या आठांत लहान कॉलेजं किती होती ते बघावं लागेल, पण कोऱ्या मैदानावर संघ उभा केला हे खरंच. "पाहुणा" हा शब्द मागे घेतो. २००१ बद्दलचं मत तेच आहे, निम्म्याहून जास्त करंडक डेव्हिसचा.

समुद्रवारा, त्या आजींचं पुढे काय झालं? ऑरेंज बोल २००८ मध्ये पाडलं ना.

समुद्रवारा (धागाकर्ता)

निम्म्याहून जास्त नाही, निम्मा. त्याच्या वर जाणार नाही.

आजींचं माहीत नाही. मी २००३ मध्ये शहर सोडलं. मधे एकदा कामासाठी जाणं झालं तेव्हा त्या गल्लीत गेलो होतो. मैदानाच्या जागी बेसबॉलचं स्टेडियम आहे. घराचा रंग बदललाय, आंबा मात्र होता, आणि त्याच्याखाली गाडी लावायचे पैसे एक तरुण मुलगा घेत होता.