पुस्तकाची शिफारस उपयोगी पडेल अशी कशी करावी, आणि साहित्यविषयक बातम्या कशा पारखून घ्याव्यात?

प्रश्न

आम्ही नऊ वाचक गेली तीन वर्षे एकमेकांना पुस्तके सुचवत आलो आहोत. मध्यंतरी मी सगळ्या शिफारशी एका वहीत उतरवून काढल्या, तेव्हा दीडशेच्या वर नावे निघाली. त्यांपैकी सुचवणाऱ्याखेरीज आणखी कोणी खरोखर वाचलेली पुस्तके जेमतेम वीस होती. बहुतेक नावांपुढे ‘अप्रतिम’, ‘जरूर वाचा’ याहून अधिक काही लिहिलेले नव्हते. दुसरी अडचण बातम्यांची आहे. ऑक्टोबर जवळ आला की नोबेलच्या ‘अंतिम यादी’चे निरोप फिरू लागतात, आणि पुरस्कार जाहीर झाल्यावर तो लेखकाला मिळाला की पुस्तकाला, यावर वाद होतात. आपण ही देवाणघेवाण कशी करता, हे समजून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद १

‘जरूर वाचा’ हे शब्द सगळ्यांना उद्देशून असतात, म्हणून ते कोणालाच लागू पडत नाहीत, असे माझे मत आहे. मला आजवर मिळालेली सर्वांत चांगली शिफारस एका चिठ्ठीवर होती: ‘पहिली चाळीस पाने संथ आहेत, पात्रांची नावे एका कागदावर लिहून ठेवा, मोठ्या बहिणीचे पत्र आले की पुस्तक आपोआप पकड घेईल. तुम्हाला घराण्यांच्या गोष्टी आवडतात म्हणून देते आहे.’ मी तिसाव्या पानाशी कंटाळलो होतो. ती चिठ्ठी नसती तर पुस्तक तिथेच मिटले असते. पुस्तक कुठे अडवते आणि ते नेमके आपल्यालाच का दिले आहे, हे दोन्ही तिच्यात होते. म्हणून मी आता एका वेळी एकच पुस्तक, आणि तेही एकाच व्यक्तीला सुचवतो.

प्रतिसाद २

बातम्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण चुकीची बातमी एकदा पसरली की ती वर्षानुवर्षे तशीच सांगितली जाते.

नोबेलची अंतिम यादी जाहीर होतच नाही. कोणाची नावे सुचवली गेली, ही माहिती नियमानुसार 50 वर्षे गोपनीय ठेवली जाते. दरवर्षी जी यादी फिरते ती बहुतेक वेळा सट्टेबाजांच्या भावांवरून किंवा जाणकारांच्या अंदाजांवरून केलेली असते. ती अंदाज म्हणून जरूर वाचावी, पण पुढे पाठवताना तसे स्पष्ट लिहावे. शिवाय हा पुरस्कार साधारणपणे लेखकाच्या एकूण लेखनाला दिला जातो. 1929 मध्ये थॉमस मान यांच्या मानपत्रात एका कादंबरीचा ठळक उल्लेख होता, पण तो अपवाद आहे. एरवी ‘अमुक कादंबरीला नोबेल’ ही बातमी सहसा चुकीचीच असते.

बुकरच्या बाबतीत गोंधळ वेगळा आहे. 1969 पासून दिला जाणारा बुकर पुरस्कार मूळ इंग्रजीत लिहिलेल्या कादंबरीसाठी आहे, तर आंतरराष्ट्रीय बुकर 2016 पासून इंग्रजीत अनुवादित झालेल्या एका पुस्तकाला दिला जातो आणि त्याचे 50,000 पौंड लेखक व अनुवादक यांच्यात निम्मे निम्मे वाटले जातात. 2022 मध्ये गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला तो मिळाला, तेव्हा अनुवादक डेझी रॉकवेल यांचे नाव अनेकांनी गाळले. 2025 मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या वेळी अनुवादक दीपा भास्ती यांच्या बाबतीतही मला तेच दिसले. ज्या पुरस्कारात अनुवादकाचा वाटा बरोबरीचा आहे, त्याच्या बातमीत त्यांचे नाव नसणे हा मला अन्याय वाटतो. आणखी एक गोष्ट पाहावी: दीर्घयादी, लघुयादी आणि निकाल हे तीन वेगळे टप्पे आहेत, आणि दीर्घयादीत आलेले पुस्तक ‘पुरस्कारप्राप्त’ ठरत नाही.

प्रतिसाद ३

अनुवादाच्या मुद्द्याला जोडूनच सांगते. शिफारस करताना अनुवादकाचे नाव आणि आवृत्ती लिहावीच. एका अभिजात कादंबरीवर मी मैत्रिणीशी तासभर वाद घातला, आणि शेवटी लक्षात आले की तिला भावलेले प्रकरण माझ्या प्रतीत मुळी नव्हतेच. माझ्या हाती संक्षिप्त आवृत्ती आली होती, आणि मुखपृष्ठावर तसा शब्दही नव्हता. पहिल्या प्रतिसादाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. कथानक कोणत्या पत्रानंतर पकड घेते, एवढे सांगितले तरी माझ्यासारख्या वाचकाचे लक्ष त्या पत्राकडेच लागून राहते. त्यापेक्षा पुस्तकातला एखादा परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवावा. भाषेची लय कानावर पडली की ते पुस्तक आपले आहे की नाही, हे बरेचसे कळते.

प्रश्न विचारणारी

सर्वांचे मनापासून आभार. वहीतली दीडशे नावे मी पुन्हा चाळली. अनुवादित पुस्तके एकसष्ट निघाली आणि अनुवादकाचे नाव फक्त चारांपुढे होते. उरलेली सत्तावन्न नावे शोधण्यापासून सुरुवात करते आहे.