मदत हवी आहे: डबल ग्लेझिंगच्या दाराचं हॅन्डल वर जात नाही, खिडकीचं गरगर फिरतंय

मेघमल्हार_यूके

मंडळी, घरदुरुस्तीतलं कळणारं कुणी असेल तर मदत करा. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घर जुनं, पण आधीच्या मालकाने वीसेक वर्षांपूर्वी सगळीकडे यूपीव्हीसीची (कडक प्लॅस्टिकची) दारं-खिडक्या बसवून घेतलेल्या. आता एकदम तीन दुखणी निघालीत.

एक, मागच्या अंगणात उघडणारं दार. हॅन्डल वर उचलायचं, मग आतले हूक चौकटीत जातात आणि किल्ली फिरते, हा नेहमीचा प्रकार. हल्ली हॅन्डल निम्म्यावर येऊन अडतं. सकाळी जमतं, दुपारी चारनंतर अजिबात नाही. सासूबाई सांगलीहून आल्यात, त्यांनी तर या दाराचा धसकाच घेतलाय. खांद्याने दार रेटतात, दोन्ही हातांनी हॅन्डल ओढतात, तरी किल्ली फिरत नाही, की मला ऑफिसात फोन. "तुमच्या इथे साधी कडी का नाही गं लावत?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

दोन, वरच्या बेडरूमची खिडकी. बंद स्थितीत आहे आणि हॅन्डल नुसतं गरगर फिरतं. आत कशालाच लागत नाही, त्यामुळे खिडकी उघडतच नाही.

तीन, स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन काचांच्या मधे धुकं. आतून पुसा, बाहेरून पुसा, जात नाही.

एका कंपनीचा माणूस बघून गेला. मॉडेल जुनं आहे, पार्ट मिळत नाहीत, दार चौकटीसकट बदला आणि खिडक्याही त्यातच करून घ्या, असं म्हणाला. आकडा ऐकून नवऱ्याने हातातला चहा खाली ठेवला. आज सही केली तर म्हणे मोठी सूट. सही केलेली नाही.

खरंच सगळं बदलावं लागतं का? की दुरुस्त होतं? आणि यातलं घरी काय करता येईल?

चहाबाज

आज सही केली तर सूट, म्हणजे उद्या सही केली तरी सूट. दारावर येणाऱ्या कुठल्याही विक्रेत्याला हेच लागू.

तळटीप

घर स्वतःचं आहे का भाड्याचं? भाड्याचं असेल तर हा खर्च तुमचा नाहीच. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टच्या कलम ११ नुसार घराचा ढाचा आणि बाहेरची बाजू नीट ठेवणं मालकाकडे असतं, बाहेरची दारं-खिडक्या त्यात आल्या. कुणी भाडेकरू हा धागा वाचत असेल तर आधी मालकाला ईमेल करा, फोन नको. लिहिलेलं राहतं.

मेघमल्हार_यूके

घर आमचंच आहे, त्यामुळे खिसाही आमचाच.

जुना_पाना

स्लाउमध्ये असतो. आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काढलं, आता शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुलपं बघतो. ताई, काहीही विकत घ्यायच्या आधी एक करा. दार पूर्ण उघडा आणि उघड्या दारातच हॅन्डल वर उचला. हूक सहज बाहेर येतात का? तसंच धरून किल्ली फिरते का? काय होतं ते इथे लिहा. आणि सासूबाईंना सांगा, अडलं की जोर लावायचा नाही.

मेघमल्हार_यूके

काका, करून पाहिलं. उघड्या दारात हॅन्डल लोण्यासारखं वर जातंय. किल्लीही फिरते. दार बंद केलं की परत तेच.

जुना_पाना

मग कुलूप ठणठणीत आहे. तुमचं दार लोंबलंय.

त्या कंपनीच्या माणसाने दार उघडून हॅन्डल फिरवून पाहिलं होतं का? नसेल, तर त्याला दार दुरुस्त करायचंच नव्हतं. उघड्यावर चालतं आणि बंद केल्यावर अडतं, याचा अर्थ हूक आणि चौकटीवरच्या खाचा समोरासमोर येत नाहीत. उघड्यावरही जड जात असतं तर गिअरबॉक्स (हॅन्डलमागची, हूक हलवणारी यंत्रणा) किंवा दाराच्या कडेची पट्टी बिघडली असं म्हटलं असतं. निम्मं निदान या एका तपासणीत होतं.

दार का लोंबतं ते सांगतो. यूपीव्हीसीचं पान म्हणजे आतून पोकळ नळ्यांची चौकट. काचेचं वजन ती एकटी पेलू शकत नाही. म्हणून काच बसवताना कडेला प्लॅस्टिकच्या पाचरी मारतात: एक खाली बिजागरीच्या कोपऱ्यात, एक वर कुलुपाच्या कोपऱ्यात. काच त्या दोन कोपऱ्यांमध्ये तिरकी ताण धरते आणि हॅन्डलची बाजू खाली येऊ देत नाही. पाचरी सरकल्या किंवा बसवणाऱ्याने आळस केला, की पान हॅन्डलच्या बाजूने दोन-तीन मिलिमीटर खाली उतरतं. हूकांना तेवढं पुरतं.

दुपारी चारनंतरच का? अंगण पश्चिमेला असणार. यूपीव्हीसी उन्हाने चांगलंच फुगतं, गडद रंगाचं असेल तर जास्तच. सकाळी जेमतेम जुळणारं दार संध्याकाळी जुळत नाही.

आता उपाय. बंद दाराच्या वरच्या कडेची फट बघा. बिजागरीकडे कमी आणि हॅन्डलकडे जास्त दिसली तर पान उतरलंय हे पक्कं. आधी बिजागऱ्या. त्यांच्यावरची प्लॅस्टिकची टोपणं काढली की आत अ‍ॅलन कीचे स्क्रू दिसतील. बऱ्याच बिजागऱ्यांमध्ये एक पान वर-खाली करतो आणि एक आडवं सरकवतो, काहींमध्ये दार चौकटीवर किती दाबून बसावं याचाही असतो. एकदम फिरवू नका. अर्धा आटा, दार लावून बघा, परत अर्धा आटा. वर-खाली करताना सगळ्या बिजागऱ्या सारख्या फिरवा, नाहीतर सगळं वजन एकीवरच येतं. उन्हं कलल्यावर, दार तापलेलं असताना करा. तेव्हा जमलं तर सकाळी जमणारच.

तेवढ्याने नाही भागलं तर पाचरी. काचेभोवतीच्या पट्ट्या बोथट पट्टीने उचकटून काढायच्या, सगळ्यात लांब पट्टी आधी, आणि पान थोडं उचलून पाचर वाढवायची. काच जड असते, एकट्याने करायचं काम नाही. मी असतो तर माणूस बोलावला असता. फोनवर "टो अँड हील करून हवंय" एवढंच म्हणा. कामाचा असेल तर पुढचं सांगावं लागणार नाही. "म्हणजे काय?" असं त्यानेच विचारलं तर फोन ठेवा.

मेघमल्हार_यूके

अंगण पश्चिमेलाच आहे, आणि दार बाहेरून गडद तपकिरी. फट अगदी सांगितलीत तशीच. शनिवारी बसते अ‍ॅलन की घेऊन.

पावशेर

काकांनी जोर लावू नका म्हटलंय ते सगळ्यांनी मनावर घ्या. आमच्याकडे हेच झालं होतं आणि सगळे हॅन्डल ओढत राहिले. शेवटी आतला गिअरबॉक्स गेला, तोही दार बंद असताना! बाहेर जायचं तर पुढच्या दाराने. गिअरबॉक्सचा खर्च तसा फार नाही, पण बंद दारातून पट्टी बाहेर काढायला जो माणूस आला त्याने घेतलेला वेळ आणि पैसे सांगण्यासारखे नाहीत.

आणि "पार्ट मिळत नाहीत" यावर लगेच विश्वास ठेवू नका. दाराच्या कडेला जी उभी धातूची पट्टी दिसते तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव बहुधा कोरलेलं असतं. दोन मापं घ्या: हॅन्डलच्या चौकोनी दांड्याच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंत (आमचं ९२ मिमी होतं, बहुतेकांचं तेच असतं) आणि पट्टीच्या दर्शनी बाजूपासून दांड्याच्या मध्यापर्यंत (आमचं ३५). नाव आणि ही मापं टाकली की ऑनलाइन नुसता गिअरबॉक्स मिळून जातो. अख्खी पट्टी सहसा लागत नाही.

जुना_पाना

पावशेर, बरोबर. त्यात भर: हॅन्डल नुसतंच खाली लोंबत असेल पण काम करत असेल, तर बहुतेक वेळा हॅन्डलच्या आतली स्प्रिंग गेलेली असते. दोन लांब स्क्रू काढून हॅन्डलची जोडी बदलली की झालं. लोक त्यासाठी पूर्ण कुलूप बदलून घेतात.

आता खिडकी. ताई, ही तिन्हींत महत्त्वाची, आणि तुम्ही ती दोन नंबरला लिहिलीत. वरच्या मजल्यावरच्या बेडरूमची खिडकी म्हणजे आगीत बाहेर पडायची वाट. इथले बांधकाम नियम सुटकेच्या खिडकीला किमान ०.३३ चौरस मीटर मोकळी जागा मागतात, लांबी आणि रुंदी दोन्ही ४५० मिमीपेक्षा कमी चालत नाही. न उघडणाऱ्या खिडकीचा काय उपयोग? दाराच्या आधी ती करा.

हॅन्डलखालचं टोपण सरकवा किंवा हॅन्डल आडवं करा, दोन स्क्रू दिसतील. ते काढून हॅन्डल ओढा. मागे ७ मिमीचा चौकोनी दांडा असतो. तो खिडकीतल्या भोकात घालून पान्याने धरून फिरवा. फिरला आणि खिडकी सुटली, तर दोष हॅन्डलचा. दांडा फिरतोय पण आत काहीच हलत नाही, तर आतली यंत्रणा तुटली. मग हात लावू नका, बंद खिडकी उघडणं हे सवयीच्या माणसाचं काम.

मेघमल्हार_यूके

खिडकी उघडली!!!

दांड्याचं माप बघून हसावं की रडावं कळेना. दांडा जेमतेम १५ मिमी बाहेर आलेला, आणि पेन्सिल घालून पाहिलं तर भोक बरंच आत. टोकाला चौकोनाचे कोपरे झिजून गोल झालेत. म्हणजे आधीच्या मालकाने मिळेल ते हॅन्डल लावलं होतं, ते टोकावर जेमतेम धरून होतं. कोपरे गेल्यावर गरगर. नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीत एक चौकोनी तुकडा होता, तो आत सारून पान्याने फिरवला आणि खट्ट करून सुटली. आता ३० मिमी दांड्याचं मागवते. स्क्रूंमधलं अंतर ४३ मिमी भरलं, ते बरोबर ना?

जुना_पाना

४३ हेच सर्रास असतं. दांड्याची लांबी मात्र टोकापर्यंत मोजून घ्या. लांब झाला तर हॅन्डल खिडकीला टेकत नाही, आखूड झाला तर काय होतं ते पाहिलंतच. हॅन्डल सरळ आहे का एका बाजूला वाकलेलं तेही बघा, वाकलेल्यात डावं-उजवं असतं. किल्लीचं घेतलंत तर किल्ली खिडकीजवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशी टांगा.

कुलूपकोंडा

दाराचं काम निघालंच आहे तर सिलिंडरही, म्हणजे किल्ली जाते तो कुलपाचा भाग, बघा. वीस वर्षांपूर्वीचा असेल तर साधा असणार. हे सिलिंडर मधे, स्क्रूच्या भोकापाशी, कमजोर असतात आणि चोर तिथूनच मोडतात. हॅन्डलच्या बाहेर तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावत असेल तर बदलाच. नवा घेताना टीएस ००७ चे तीन तारे किंवा सोल्ड सिक्युअर डायमंड (ही इथली कुलपांची सुरक्षा मानकं) लिहिलेलं बघा. मोजमाप मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे वेगवेगळं घ्यायचं, ३५/४५ आणि ४०/४० यांची बेरीज एकच असली तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

काढायला सोपा: दार उघडं ठेवून कडेचा लांब स्क्रू काढा, किल्ली किंचित फिरवा म्हणजे मधला दाता आड जातो, आणि सिलिंडर ओढा. आणि त्यात डब्ल्यूडी-४० मारू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग धूळ धरतो. ग्राफाइट किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे घ्या.

माणूस बोलवायचा झाला तर एक लक्षात ठेवा, इथे कुलूपवाल्यांना सरकारी परवाना लागत नाही. कुणीही पाटी लावू शकतो. मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशनच्या यादीतला घ्या आणि येण्याआधी एकूण आकडा लिहून मागा.

तळटीप

धुक्याचं कुणीच बोललं नाही. दोन काचांच्या कडेच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात. सील गेलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, दाणे ओलाव्याने भरतात आणि धुकं दिसायला लागतं. चौकट चांगली असेल तर फक्त काचांची जोडी बदलून मिळते. भोक पाडून आत सुकवण्याची सेवा देणारेही आहेत, पण सील गेलेलं ते गेलेलंच. नुसती काच किंवा कुलूप बदलताना फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी योजना; काम बांधकाम नियमांनुसार झाल्याचा दाखला देते) प्रमाणपत्र लागत नाही, ते चौकटीसकट बदलल्यावर. आणि तुमच्या घराच्या खिडक्या २००२ च्या एप्रिलनंतर बसवल्या असतील तर ते किंवा तसंच कौन्सिलचं प्रमाणपत्र खरेदीच्या कागदांत असायला हवं, शोधून ठेवा. विकताना मागतात.

मेघमल्हार_यूके

अपडेट. बिजागऱ्यांवर दार बरंच उचललं गेलं, पण वरचा हूक संध्याकाळी थोडा घासत होता. म्हणून यादीतला एक माणूस बोलावला. आल्या आल्या त्याने दार उघडून हॅन्डल वर केलं, तिथेच मला धीर आला. काचेच्या पट्ट्या काढल्या तर खालची पाचर सरकून दुसऱ्याच कोपऱ्यात पडलेली, आणि वरच्या बाजूला पाचर नव्हतीच. सिलिंडरही त्याच्याकडूनच बदलून घेतला. बिल त्या कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या पासंगालाही पुरत नाही. सासूबाई आता एका हाताने दार लावतात, कडीची मागणी मात्र कायम आहे. स्वयंपाकघराची काच पगारानंतर.

काका, खूप आभार.

बाणेरकर

धागा भलताच उपयोगी. पुण्यात आमच्याकडे यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या आहेत. एकीचं लॉक लागत नाही, बिल्डरचा माणूस लॉक बदला म्हणतो. हेच लागू होतं का?

जुना_पाना

तत्त्व तेच. सरकत्या खिडकीचं पान खालच्या चाकांवर उभं असतं. चाक झिजलं किंवा रुळात माती साचली की पान एका बाजूने बसतं आणि लॉकचा हूक खाचेच्या खाली येतो. आधी रूळ ब्रशने साफ करा. मग पानाच्या उभ्या कडेला, अगदी तळाशी एक छोटं भोक असतं, त्यातल्या स्क्रूने चाक वर-खाली होतं. पान दोन्ही बाजूंनी समपातळीत आणा आणि मग लॉक लावून बघा. मच्छरजाळीचं पान आधी काढून ठेवा, नाहीतर स्क्रूड्रायव्हर पोचणार नाही. तरीही नाही लागलं तर लॉकचा फोटो टाका.